भार नसलेले वासे

सार्डिनिया बेटावर पुतिफिगारी गावाजवळ खडकात कोरलेलं एक थडगं आहे. त्याच्या एका दालनात वर पाहिलं, की छपराचा उतार आणि त्यावरचे वासे दिसतात. सगळं दगडात कोरलेलं. त्या वाशांवर कसलाच भार नाही, कारण वर अखंड खडक आहे. दगडी हत्यारांनी एकेक टवका उडवत जाणाऱ्या माणसानं हे जादा कष्ट का घेतले असतील?

अशी थडगी या बेटावर हजारोंनी आहेत. इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या सहस्रकात ती खोदली गेली. गावकरी त्यांना ‘दोमुस दे यानास’, म्हणजे पऱ्यांची घरं म्हणतात. 2025मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आल्गेरोजवळच्या आंगेलू रूयू इथली दफनभूमी 1903मध्ये बांधकामासाठी दगड काढताना सापडली. तिथे भिंतींवर बैलाची शिंगं कोरलेली आहेत. इतर ठिकाणी खांब आहेत, जमिनीवर चुलीचं वर्तुळ आहे, कुठे गेरूचा लाल रंग अजून टिकून आहे.

जिवंत माणसांच्या झोपड्या लाकूडगवताच्या होत्या, त्या मातीत मिसळल्या. त्यामुळे त्या लोकांचं छप्पर कसं होतं, हे आज मुख्यतः थडग्यांवरूनच ताडावं लागतं. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. मेलेल्यांसाठी कोरलेलं घर हे रोजच्या घराची हुबेहूब नक्कल असेलच असं नाही. असावं असं वाटणारं घरही ते असू शकेल. पण आपल्या माणसाला अनोळखी जागी ठेवायचं नाही, ही ओढ मात्र त्या वाशांत मला स्पष्ट दिसते. ज्याची केवळ भीती वाटते त्याच्यासाठी कुणी चूल कोरत नाही.

तरी भीती अजिबात नव्हती, असंही म्हणवत नाही. याच थडग्यांत भिंतीवर चौकटीसकट दार कोरलेलं आढळतं, आणि ते कधीच उघडत नाही. ते परलोकाचं दार असावं, असं अभ्यासक मानतात. ज्यांनी मेलेल्याला घर दिलं, त्यांनीच त्याच्या घरात हे बंद दारही ठेवलं. माया आणि धास्ती एकाच हातानं कोरली गेली, आणि यांतली एक खरी नि दुसरी वरवरची, असं ठरवायला मी तयार नाही.

बोनोर्वाजवळच्या सांत आंद्रेआ प्रिऊ इथल्या अशाच थडग्यांत पुढे ख्रिस्ती लोक आले. त्यांनी सर्वांत मोठ्या थडग्याचं चर्च केलं, भिंतींना गिलावा दिला आणि त्यावर संतांची चित्रं काढली.