फोटो काढण्याविषयी

बेलापुरात राहणाऱ्या माणसाला आधी एक खुलासा करावा लागतो. आमचं बेलापूर नव्या मुंबईतलं नव्हे, प्रवरेकाठचं. आमच्या नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा आमच्या गावात नाही. बेलापूरचं तिकीट काढून माणसं वर्षानुवर्षं श्रीरामपुरात उतरत आली. अशा गावच्या माणसाला आपलं नाव कुठंतरी लागावं अशी हौस असतेच. मला ती साठीनंतर फोटोग्राफीच्या रूपाने आली.

त्याला कारण चिरंजीव. ते सिडनीला असतात. तिथे त्यांच्या परसातल्या कठड्यावर पांढरेशुभ्र काकाकुवे येऊन बसतात आणि त्यांचे फोटो आम्हाला येतात. आमच्या कठड्यावर कावळा बसतो, आणि पितृपक्षात बोलावलं तर तोही येत नाही. मागच्या खेपेला चिरंजीवांनी आपला लांब भिंगाचा कॅमेरा मला देऊन टाकला. म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे तर बिबटे आहेत!" हे खरं आहे. आमच्या भागात उसात बिबट्या असतो. पण आपल्याला बिबट्या दिसतो तेव्हा बिबट्यालाही आपण दिसतो, ही त्या कलेतली अडचण आहे. म्हणून मी पक्ष्यांकडे वळलो.

तशात मागच्या अंगणातल्या जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. वाटीएवढं. त्यात तीन अंडी आणि दोनेक आठवड्यांनी तीन पिल्लं. पण फोटोत दर वेळी पक्षी कमी आणि पानंच फार. शेवटी मी सौ.ची शिवणाची कात्री आणली आणि आड येणाऱ्या दोन फांद्या छाटल्या. दोनच! ऊन थेट घरट्यावर पडलं. खाली तीन उघड्या चोची आणि वर किडा घेऊन वाकलेली आई. किंवा बाप. बुलबुलात ते कळत नाही. फोटो असा आला की सिडनीच्या काकाकुव्यांनी माना खाली घालाव्यात. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, पानं कशी आड आली नाहीत?" मी म्हणालो, "नशीब." कुणाचं, ते सांगितलं नाही.

सौ. फोटो बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आलाय हो. घराचा पत्ता अगदी स्वच्छ वाचता येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर भारद्वाज दिसला. भारद्वाजाचं दर्शन शुभ. मी हात जोडले आणि कॅमेरा आणायला आत गेलो. परत येईतो तो जास्वंदीत शिरला होता. भारद्वाज दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं खातो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण हात जोडताना पुस्तक कुणाला आठवतं? बुलबुलाची जोडी दिवसभर तारेवर बसून ओरडत होती.

भारद्वाजाला दोष देता येत नाही. त्याला भूक होती. माझा तर पोह्यांचा नाश्ता झालेला होता.

मी स्वतःची वकिली भरपूर केली. कॅमेरा म्हणजे काही बंदूक नव्हे. खुद्द सलीम अलींची या विद्येशी ओळख लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे झाली. मी तर कुणाला पाडलंही नाही. पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडला, तर त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणंही बसवलेलं! म्हणजे जन्मात ढेकणापलीकडे काही न मारलेला मी, शिवणाच्या कात्रीने शिकारी ठरलो. मग दुसरा मुद्दा काढला. फांद्या असत्या तरी भारद्वाजाला घरटं कदाचित सापडलंच असतं. 'कदाचित' हा फार सोयीचा शब्द आहे. तो पांघरून दिवसा झोप लागते. रात्री तो पायांवरून सरकतो.

आपली भाषा मोठी खट आहे. घरटं बांधतात, अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. फोटो मात्र काढतात. काढलं म्हणजे कुठून तरी कमी झालं. बँकेतून पैसे काढले की पासबुकात लगेच दिसतं. फोटोचं पासबुक नसतं, एवढंच. कौतुक आपल्या खात्यावर जमा होतं आणि खर्च कुणाच्या नावे पडला ते विचारायला कुणी येत नाही. बुलबुल तर मुळीच येत नाही.

तो फोटो मी पुसून टाकणार होतो. मग वाटलं, आपल्या चुकीचा पुरावा आपणच नाहीसा करणं ही आणखी एक लबाडी. म्हणून तो ठेवला आहे, आणि चिरंजीवांना कात्रीची हकिगत कळवली आहे. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. नेहमी ते दोन मिनिटांत येतं.

यंदा जास्वंद पुन्हा दाट झाली आणि तिच्यात बुलबुल आले. तीच जोडी की दुसरी, देव जाणे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, चहाचा कप खाली ठेवून, एकच फोटो काढला. पानं, पानं आणि पानांमागे कुठंतरी लाल ठिपका.

सौ.ने चष्मा पुसून तो पाहिला. म्हणाली, "छान आलाय. काहीच दिसत नाही."