तळटीप कोण तपासणार?

मुंबई-गोवा महामार्गाने खेडहून चिपळूणकडे येताना, परशुराम घाट उतरण्याआधी, लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. रसायनांचे कारखाने आणि त्यांचे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र इथे आहे. खाली दाभोळची खाडी आणि तिच्यावर जगणारे मासेमार. सांडपाण्याने खाडी बिघडते या तक्रारीवर बातम्या आल्या, मोर्चे निघाले, निवेदनांचे गठ्ठे साचले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११च्या अहवालात लोट्याची दखल घेतली. त्याच अहवालात एक नोंद आहे: २००७ ते २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तब्बल १९१ दिवस जमावबंदी होती.

सामान्य वाचक हळहळतो आणि पान उलटतो. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र इथेच बैठक मारायला हवी. कलम ३७(३) खालचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. मग १९१ दिवसांचे आदेश किती तुकड्यांत निघाले? मंजुरी होती का? प्रत्येक आदेशात कारण नवे होते, की जुन्याच मजकुरावर तारीख बदलली? हे प्रश्न विचारायला मोठा वकील लागत नाही. माहितीचा अधिकार, सहा महिन्यांची चिकाटी आणि छापायला एक जागा एवढे पुरे. ती जागा म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेले विधी-नियतकालिक.

ही परंपरा जुनी आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८७ मध्ये आपले नियतकालिक सुरू केले. तीनच वर्षांनी त्यात वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात हा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा त्या लेखाची चर्चा निकालपत्रात झाली. पोरांनी काढलेल्या अंकाची पोच इतकी दूर असू शकते. आपल्याकडे बंगळुरूचे नॅशनल लॉ स्कूल आणि मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय इथले विद्यार्थी असे अंक चालवतात.

अशा संपादक मंडळात शिरलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्यांदा हमाली येते. दुसऱ्याच्या लेखातली प्रत्येक तळटीप उघडून बघायची. निकालाचे वर्ष, खंड, पान बरोबर आहे का? लेखक म्हणतो तेच न्यायालयाने म्हटले आहे, की ते वकिलाच्या युक्तिवादातले वाक्य आहे? बहुमताचे मत आहे की भिन्न मत?

समजा लेखात वाक्य आले, ‘कारखान्यांच्या पाण्यामुळे खाडीतली मासळी मेली.’ तपासनीस समासात लिहिणार, ‘आधार?’ लेखक म्हणणार, मासेमारांनी काळे पाणी बाटलीत भरून कार्यालयात नेले होते. आता खरी गंमत सुरू होते. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम २१ नमुना कसा घ्यावा हे सांगते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावायची, दोघांनी सह्या करायच्या. ही रीत मोडली तर त्या नमुन्याच्या पृथक्करणाचा अहवाल पुराव्यात चालत नाही. मग मासेमाराच्या बाटलीची किंमत काय? राष्ट्रीय हरित लवादाला तर २०१०च्या कायद्याने पुरावा कायद्याच्या बंधनातून मोकळे ठेवले आहे. तिथे ती बाटली चालेल का? चालली तर तिला वजन किती? एका तळटिपीतून अख्खा लेख उभा राहिला, आणि तो दिल्लीत बसून सुचला नसता.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. शिकाऊ पोरांनी प्राध्यापकांचे लेख निवडायचे म्हणजे उलटी गंगा, असे म्हणतात. येलचे फ्रेड रोडेल यांनी १९३६ मध्येच अशा नियतकालिकांची भाषा आणि आशय दोन्ही झोडपले होते. गंमत म्हणजे ती टीका छापली विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या व्हर्जिनियाच्या नियतकालिकाने. आपल्याकडचा रोग मात्र वेगळा आहे. संपादकपद बायोडेटावर चढवायचे, नोकरी लागली की अंक वाऱ्यावर. विषयही तेच: दिल्लीतले घटनापीठ, परदेशी सिद्धांत, आणि सगळे इंग्रजीत. खेडच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते. उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जोडला गेला. अंतर कमी झाले, भाषेची भिंत तशीच आहे. तालुक्यातल्या दाव्याचा मराठीत नीट अभ्यास करणारे विद्यार्थ्यांचे नियतकालिक ही नुसती भाषेची हौस नव्हे, न्यायाची गरज आहे.

आणि कोकणाला हे काम परके नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा जन्म १८८०चा, लोट्याला खेटून असलेल्या पेढे-परशुरामचा. पेशाने वकील, काही काळ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले. त्यांतल्या कित्येक पानांवर मजकूर वर चार ओळी आणि खाली तळटिपांचा ढीग. विधान केले की आधार दिलाच पाहिजे, ही त्यांची शिस्त होती. तिला भारतरत्न मिळाले, १९६३ मध्ये.

म्हणून रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातल्या, तसेच खेड-चिपळूणहून मुंबई-पुण्याला कायदा शिकायला गेलेल्या मुलामुलींना एकच सांगणे आहे. चकचकीत छपाईची वाट बघू नका. चौघे जमा, मराठीत वर्षाला एक अंक काढा, आणि त्यात आधाराशिवाय एक ओळही जाऊ देऊ नका. पहिल्या अंकाचा पहिला विषय तयार आहे: जमावबंदीचे ते १९१ दिवस. आजच माहितीचा अर्ज टाका.