इस्त्रीच्या तळाचं मेण

कॉलरचं फ्युजिंग उलटं ठेवलं गेलं की त्याचा डिंक कापडाला न लागता इस्त्रीच्या तळाला लागतो, जळतो, आणि पुढच्या पांढऱ्या कापडावर काळी रेघ ओढतो. धुळ्यात जुन्या गल्ल्यांना नंबर आहेत. त्यातल्याच एका गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. इतकी वर्षं झाली तरी ही चूक महिन्यातून एकदा होतेच.

उपाय सगळे घरातलेच. रद्दी कागदावर जाडं मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवायची. मीठ वितळत नाही, नुसतं खरवडतं. म्हणून नॉन-स्टिक तळाला ते चालत नाही, ओरखडे पडतात. तापाची गोळी चिमट्यात धरून तापलेल्या तळावर घासली की काळं सुटतं, पण तो धूर नाकात गेलेला बरा नाही. माझी आई अमळनेरला कोळशाची पितळी इस्त्री चिंचेनं घासायची आणि तळ गुळगुळीत राहावा म्हणून केळीच्या पानावर फिरवायची. त्या पानावर मेणासारखा थर असतोच. मी मेणबत्ती वापरते. सुती फडक्यात गुंडाळून गरम तळावर घासली की मेण डिंकाला घेऊन उतरतं.

मागच्या ज्येष्ठात मुक्ताईनगरहून पालखीसोबत पंढरपूरला निघालेल्या एका काकांचा पांढरा नेहरू शर्ट शिवला होता. तळ मेणबत्तीनं असा चकचकीत केला की तोंड दिसावं, आणि त्याच भरात इस्त्री शर्टाच्या छातीवर फिरवली. काकांनी शर्ट उजेडात धरला. बोटभर तेलकट डाग. रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, काळं गयं, मेन राही गयं."

हे वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं, आणि वडिलांची आठवण आली. ते अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. त्या मिलच्या प्रताप शेठजींनी 1916 साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथे कुणाचं व्याख्यान असलं की वडील मागच्या रांगेत जाऊन बसायचे आणि घरी आम्हाला त्यातलं कळेल तेवढं सांगायचे. शंकराचार्यांच्या नावावरच्या 'आत्मबोधा'तला निवळीचा दृष्टांत त्यांचा फार लाडका. निवळीचं बी उगाळून गढूळ पाण्यात टाकलं की गाळ खाली बसतो आणि निवळीही दिसेनाशी होते. तसं ज्ञान अज्ञान घालवतं आणि स्वतःही विरतं.

आचार्यांपुढे मी कोण? पण पाणी मी भरलंय. निवळी विरत नाही हो, गाळासोबत तळाशी बसते. हंड्याला धक्का लागला की दोन्ही वर येतात.

उपासाचंही तसंच. सोळा सोमवार मी केले ते जावेवरचा राग जावा म्हणून. राग गेला, खरंच गेला. पण सोमवारी तिच्या ताटातला भात बघून माझी मान जी ताठ व्हायची, ती त्या रागापेक्षा वाईट होती. रागाची निदान लाज वाटायची.

आम्ही शिंपी, म्हणून नामदेव आमचे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली, ती गोष्ट लहानपणी ऐकताना मला मुक्ताबाईचा राग यायचा. तिनंच गोरोबा कुंभारांना ही डोक्यांची मडकी पारखायला लावली, आणि आमचे नामदेव कच्चे निघाले. आता वाटतं, त्यांच्यावर काळं काहीच नव्हतं. विठ्ठल माझ्याशी बोलतो, हे मेण तेवढं होतं. ते घासून निघणारं नव्हतं; त्यासाठी औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं, आणि ते तर पिंडीवर पाय ठेवून निजलेले!

शर्टाचं काय केलं ते सांगते. डागाखाली एक आणि वर एक खाकी कागद ठेवून वरून गरम इस्त्री दाबली. कागद मेण पितो. पहिला आरपार दिसायला लागला, दुसरा थोडा, चौथा कोरडाच निघाला. तोवर काका स्टुलावर बसून हरिपाठ पुटपुटत होते.

आषाढी करून ते आले. लाह्या दिल्या, कपाळाला बुक्का लावला. थोडा बुक्का टेबलावरच्या कोऱ्या पॉपलिनवर सांडला, काळा ठिपका. पॉपलिन दुसऱ्या गिऱ्हाइकाचं. ते जाईपर्यंत मी झटकला नाही, आणि गेल्यावरही थोडा वेळ हातात फडकं घेऊन नुसती उभी होते.