मोकळे डावे वळण

उस्मानपुऱ्याहून पैठण गेटकडे निघालेल्या माणसाला क्रांती चौकात थांबावे लागते. वर उड्डाणपुलावरून जालना रस्त्याची वाहने धावत असतात; खाली चारी बाजूंची गर्दी सिग्नलकडे डोळे लावून उभी असते. मात्र ज्याला डावीकडे, महावीर चौकाच्या दिशेने वळायचे असते, तो सहसा थांबत नाही. ‘लेफ्ट फ्री आहे,’ हे आपल्या शहरात लहान मूलही सांगू शकते.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका वळणावर मी स्कूटरवर होतो. दिवा लाल होता. मला डावीकडे जायचे होते आणि मागून हॉर्न वाजत होता. मी न थांबता वळलो. त्याच क्षणी एका वृद्ध बाईंनी पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल टाकले होते. मी ब्रेक दाबला. त्या दचकून मागे सरल्या आणि त्यांच्या हातची पिशवी रस्त्यावर पडली. मेथीची जुडी आणि औषधांची पुडी गोळा करताना मी वर पाहिले, तर त्या आमच्याच धर्मग्रामातल्या. मी क्षमा मागण्याआधीच त्या म्हणाल्या, “फादर, चूक माझीच. डावीकडून येणारे कोणी थांबत नसतात, मला ठाऊक असायला हवं होतं.”

त्यांना इजा झाली नव्हती. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्याने धक्का द्यायचा तो निर्धास्त आणि जिला धक्का बसायचा ती स्वतःला दोषी मानते, ही व्यवस्था आपण केव्हा आणि कशी मान्य केली?

वाचकहो, प्रथम ही मुभा कोठून आली ते पाहू. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या प्रवाहाला छेदून जावे लागते. डावीकडे वळणारा मात्र कोणत्याही प्रवाहाला न छेदता कडेने दुसऱ्या रस्त्यात मिसळतो. मग त्याला विनाकारण का अडवावे? विचार रास्त आहे. म्हणून काही चौकांत डाव्या वळणासाठी वेगळी मार्गिका असते, काही ठिकाणी हिरवा बाण असतो, काही ठिकाणी तसा फलक असतो. लाल दिव्याचा अर्थ ‘थांबा’ असाच आहे. बाण किंवा फलक जेवढी सवलत देतो तेवढीच त्याला अपवाद. हा अपवाद आपण हळूहळू सर्वत्र नियम करून टाकला.

या हिशेबात एक जण मात्र राहून गेला. समजा, चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक रस्त्याला तीस सेकंद हिरवा दिवा मिळतो. म्हणजे एक फेरी एकशेवीस सेकंदांची. सरळ जाणाऱ्याला त्यांतले तीस सेकंद मिळतात आणि नव्वद सेकंद तो थांबतो. डावीकडे वळणाऱ्याला पूर्ण एकशेवीस सेकंद मिळतात. आता त्याच कोपऱ्यावर रस्ता ओलांडू पाहणाऱ्या माणसाचा वाटा किती? शून्य. चारी दिवे बदलतात, पण त्याच्यासमोरचा डावा प्रवाह थांबत नाही. चौकातील प्रत्येकाला आपली पाळी आहे. पायी चालणाऱ्याला ती नाही. डावे वळण मोकळे आहे असे आपण म्हणतो खरे, पण त्याची किंमत कोपऱ्यावर उभा असलेला पादचारी मोजत असतो.

हा प्रश्न आपल्याच शहराचा आहे असेही नाही. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. म्हणून आपले डावे वळण ते त्यांचे उजवे वळण. 1973 च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी तेथील केंद्र सरकारने 1975 मध्ये कायदा केला आणि लाल दिवा असतानाही उजवीकडे वळू देण्यास राज्यांना प्रवृत्त केले. अट अशी की वाहन आधी पूर्ण थांबले पाहिजे आणि पादचाऱ्याला वाट दिली पाहिजे. पुढे जे अभ्यास झाले, त्यांत अशा वळणांवर पादचारी व सायकलस्वार यांचे अपघात वाढल्याचे दिसून आले. न्यूयॉर्क शहरात आजही, फलकाने परवानगी दिलेली नसेल तर, असे वळण घेता येत नाही. थेंब थेंब पेट्रोल वाचवताना काय सांडते, हे तेथे लोकांना अनुभवाने कळले. आपल्याकडे 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात कायद्याविषयी जे विवेचन केले, त्यातले दोन विचार मला या कोपऱ्यावर आठवतात. पहिला असा की, मनुष्याचा कायदा सामान्य माणसांसाठी केलेला असतो. तो प्रत्येक दोषाला मनाई करू शकत नाही, गंभीर दोषांनाच करतो. अर्थात कायद्याने अडवले नाही म्हणजे कृत्य चांगले ठरले, असे होत नाही. दुसरा विचार त्यांनी एका उदाहरणाने मांडला आहे. वेढा पडलेल्या नगराचे दरवाजे बंद ठेवावेत असा हुकूम आहे; पण नगराचे रक्षण करणारे काही नागरिक शत्रू पाठीवर घेऊन दरवाजाशी आले, तर काय करावे? दरवाजा उघडावा, असे ते सांगतात. कारण हुकूम ज्यांच्या रक्षणासाठी होता, त्यांचाच घात त्याच्या अक्षराने होऊ नये.

मलिक अंबरच्या भडकल दरवाजापासून पैठण गेटपर्यंत दरवाज्यांच्या या शहरात हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. मागे रुग्णवाहिका आली असेल तर लाल दिवा असतानाही थांबरेषेच्या पुढे सरकून वाट देणारा चालक नियमाचा आत्मा राखतो. हाच न्याय उलट बाजूनेही लावला पाहिजे. रस्ता विनाकारण अडू नये, हे डाव्या वळणाच्या मुभेचे कारण. समोर कोणी पट्ट्यांवर पाऊल ठेवले की थांबण्यास कारण निर्माण झाले. मुभेचे कारण संपले की मुभाही संपते, मग बाण हिरवा का असेना.

कोणी म्हणेल, “फादर, तुम्ही थांबाल, पण मागच्या हॉर्नचे काय?” आक्षेप खरा आहे. सरळ जाणारे लोक डाव्या मार्गिकेत येऊन उभे राहतात आणि ज्याला वळण्याची परवानगी आहे त्याला कोंडून ठेवतात, हाही अन्यायच; तो मी स्वतः अनेकदा केला आहे. महापालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी जिथे गर्दी फार आहे तिथे डाव्या वळणालाही स्वतंत्र दिवा द्यावा, पादचाऱ्यांसाठी त्यात काही सेकंद राखून ठेवावेत, हेही मागितले पाहिजे. परंतु त्या दिवशी माझ्यापुढे दिव्याचा प्रश्न नव्हताच. मागच्या हॉर्नने माझ्या विवेकाची जागा घेतली होती. मागे उभा असलेला मला ऐकू येत होता. समोरची बाई गप्प होती. जो आवाज करतो त्याचे आपण ऐकतो आणि जो गप्प उभा असतो त्याचा हक्क विसरतो. घरात, कचेरीत, आपल्या धर्मग्रामाच्या सभेतही असेच घडत नाही का?

आता त्या वळणावर मी पाय जमिनीवर टेकवतो. मागचे लोक रागावतात. पाच-सात सेकंद जातात, क्वचित दहा. एका रविवारी मिस्सानंतर त्याच बाई कोपऱ्यावर दिसल्या. मी थांबून हाताने ‘या’ अशी खूण केली. त्यांनी मला ओळखले, हसल्याही. पण पाऊल टाकले नाही. आधी त्यांनी माझ्या स्कूटरच्या चाकाकडे पाहिले, मग माझ्या मागच्या वाहनांकडे, आणि मग पुन्हा चाकाकडे. चाक खरोखर थांबले आहे अशी खात्री झाल्यावरच त्या निघाल्या. त्यांचा हा संशय दूर व्हायला किती दिवस लागतील, ते आपल्यावर अवलंबून आहे.