कधी, ते आधी विचार

विटा,
दिवाळीनंतरचा पहिला सोमवार

चि. बाळास,

काल रात्री फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. एकच गाडी तिसऱ्यांदा परत आली, गिऱ्हाईक चार लोकांसमोर बोललं, आणि आता तू म्हणतोस की गाडीचा कंप्युटरच बदलून टाकतो. मी फक्त ‘बदलू नकोस’ एवढंच म्हणालो. का बदलू नकोस, ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

कायमचा फॉल्ट सोपा असतो. दिवा लागत नाही म्हणजे नाहीच लागत, तू वायर धरून शेवटपर्यंत जातोस आणि तो सापडतो. पण अधूनमधून येणारा फॉल्ट दिवसाआडच्या तापासारखा आहे. रोगी दवाखान्यात येतो तेव्हा नेमकं अंग गार असतं. अशा वेळी जुने डॉक्टर आधी विचारायचे, ताप कधी चढतो? सकाळी की संध्याकाळी, थंडी वाजून की नुसताच? कुठं दुखतं ते नंतर. आपल्या धंद्यात हे ‘कधी’ विचारायला कुणी शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नाही, आणि त्याची किंमत एका गरीब माणसानं मोजली.

तू तेव्हा शाळेत होतास. विटा ते खानापूर वडाप करणारा एक ड्रायव्हर जीप घेऊन यायचा. रेणावीच्या घाटात गाडी बंद पडायची. पॅसेंजर खाली उतरायचे, धक्का मारायला हात लावायचे, आणि सेल्फ मारला की गाडी सुरू! माझ्याकडे आणली की दिवसभर घड्याळासारखी चालायची. मी डिझेल फिल्टर बदलला. मग फीड पंप. मग बॅटरी. प्रत्येक वेळी त्याला सांगितलं, ‘आता काळजी नाही.’ आणि प्रत्येक वेळी आठ दिवसांनी तो परत दारात उभा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं चाललं होतं. पैसे मात्र त्याचे जात होते, बायकोच्या बचतगटाचं कर्ज काढून आणलेले.

तो मला पहिल्या दिवसापासून सांगत होता, ‘मिस्त्री, मोकळी गाडी कधीच बंद पडत नाही.’ मी ते ऐकलंच नव्हतं.

शेवटी मी पाच वॅटचे दोन बल्ब घेतले. डिझेल पंपावर सोलेनॉइड असतो, त्याला करंट मिळतोय तोवर डिझेल जातं, करंट गेला की इंजिन बंद. एक बल्ब चावीच्या स्विचमधून वायर निघते तिथं जोडला, दुसरा थेट सोलेनॉइडच्या टोकाला. दोन्ही लांब वायरीनं डॅशबोर्डवर आणून टेपनं चिकटवले आणि भरल्या वडापमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. मांडीवर कुणाचं तरी पोर. रेणावीच्या चढाला दुसऱ्या वळणावर त्यानं पहिला गिअर टाकला, इंजिननं अंग वाकडं केलं, आणि उजवा, म्हणजे सोलेनॉइडचा बल्ब विझला. डावा जळतच होता. गाडी बंद.

म्हणजे फॉल्ट त्या दोन बल्बांच्या मधल्या वायरीत, दुसरीकडे कुठंही नाही. खाली उतरून बोनेट उघडलं. बॉडीवरून इंजिनवर जाते त्या जागी वायर वरून अगदी धडधाकट, प्लॅस्टिकला साधा ओरखडा नाही. दोन बोटांत धरून इंचाइंचानं दाबत गेलो. एका ठिकाणी ती मऊ लागली, आत हाड नसल्यासारखी. आतलं तांबं तुटलेलं, दोन्ही टोकं नुसती टेकलेली. इंजिनची फाउंडेशन रबरं बसली होती, त्यामुळं भरल्या गाडीनं चढ घेताना इंजिन कलायचं, वायर ताणली जायची, टोकं सुटायची. गाडी बंद पडली की इंजिन जागेवर यायचं आणि टोकं पुन्हा टेकायची. वायरीचा खर्च दहा रुपये. बदललेल्या मालातलं जेवढं मला परत देता आलं तेवढं दिलं. बॅटरीचे पैसे मात्र अजून माझ्या मनावर आहेत.

म्हणून गाडी आली की बोनेटला हात लावण्याआधी वही काढ. गिऱ्हाईकाला विचार: गार इंजिनला होतं की गरम? पाऊस झाल्यावर, गाडी धुतल्यावर होतं का? खड्ड्यातून जाताना? वळताना? एसी चालू असताना? ब्रेक दाबल्यावर? किती वेळानं आपोआप ठीक होते? गेल्या सहा महिन्यांत गाडीत काय नवीन बसवलं? या शेवटच्या प्रश्नाला लोक आधी ‘काही नाही’ म्हणतात आणि मग आठवून सांगतात की हॉर्न बसवला, कॅमेरा बसवला, ट्रॅकर बसवला. नुसती वायर खरवडून, पिळून, वर टेप गुंडाळून दिलेले सांधे आपल्याकडच्या एप्रिलात टिकत नाहीत. टेपचा गोंद वितळतो आणि सांधा उघडा पडतो.

उत्तर मिळालं की फॉल्ट आपल्या दारात आणायचा. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होणारी गाडी असेल, तर इंजिन तापू दे, बंद पडू दे, आणि क्रँक सेन्सरवर ओलं फडकं ठेव. लगेच सुरू झाली तर तुझा संशय बराच पक्का झाला. रिलेचा संशय असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलके टिचक्या मार. आत डाग तडकलेला असला की तो टिचकीला बोलतो. पावसाचा फॉल्ट असेल तर फवाऱ्याची बाटली घेऊन एकेक कपलर भिजव, सगळं वायरिंग एकदम धुऊ नकोस. भाराचा असेल तर चाकाला उटी लाव, हँडब्रेक ओढ, गिअर टाकून कुणाला तरी क्लच थोडा सोडायला सांग आणि इंजिन कसं कलतं ते बाजूला उभं राहून बघ. गाडीसमोर कुणाला उभं करू नकोस. त्या जीपला मी हेच दुकानात केलं असतं तर घाटात जायची गरज नव्हती.

आता मीटरबद्दल. तुझा मीटर चांगला आहे, पण तो अर्धं खरं सांगतो. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मोकळ्या टोकाला तो १२ व्होल्ट दाखवणार, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. त्या वायरीवर ५५ वॅटचा हेडलाइट लावलास की साडेचार अँपिअर वाहायला बघतात. खराब सांध्यात अर्धा ओहम जरी रोध असला तरी दोन व्होल्टच्या आसपास तिथंच मरतात, आणि दिवा पिवळा पडतो. म्हणून मोजायचं ते भार चालू असताना. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लाव. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर परतीचा रस्ता खराब आहे असं समज.

अर्थिंगवर मी जास्त लिहितोय, कारण माझ्या अनुभवात निम्मी भुतं तिथंच राहतात. करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला घरीही जायचं असतं. नेहमीची वाट बंद असली की तो दुसऱ्याच्या अंगणातून जातो. मागच्या दिव्याचा अर्थ सुटला असेल तर ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा किंवा इंडिकेटरचा बल्ब मंद लुकलुकतो. गिऱ्हाईक म्हणतं, इंडिकेटर बिघडला. इंडिकेटर चांगलाच असतो, ब्रेकचा करंट त्याच्यातून वाट काढत असतो. अर्थचा बोल्ट काढ, थिंबलखाली रंग आहे का, तांब्यावर हिरवा कळंक चढलाय का ते बघ. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू लोखंड चमकेपर्यंत घास, आवळ, वरून थोडं ग्रीस लाव. दरवाजाच्या आणि डिकीच्या रबरी नळीतल्या वायरीही विसरू नकोस. रोज उघडझाप होते तिथं तांबं आतल्या आत तुटतं.

स्कॅनर जरूर वापर. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांना त्याच्याशिवाय हात लावता येत नाही. पण पी ०३३५ आला म्हणजे क्रँक सेन्सर खराब, असं नाही. कोड सर्किटचं नाव सांगतो, वायर, कपलर, अर्थ सगळं त्यात आलं. कोड पुसण्याआधी वहीत उतरव, आणि तो पडला त्या क्षणाचं तापमान, वेग, आरपीएम साठवलेलं असतं तेही उतरव. तुझ्या ‘कधी’चं उत्तर पुष्कळदा तिथंच लिहिलेलं असतं. आधी बॅटरी काढलीस तर ते जाऊ शकतं. आणि टेस्ट लॅम्प कंप्युटरच्या बारीक वायरींना किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला कधीही लावायचा नाही, तो फक्त जाड कामाला.

तुझ्याकडे परत आलेली ती गाडी गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची आहे म्हणालास. त्यांच्या गाड्यांचा एक वेगळाच आजार असतो. कुटुंब कोइमतूरला नाहीतर कोलकात्याला, गाडी इथं वाड्याच्या दारात आठ महिने उभी. उभ्या गाडीचं घड्याळ, लॉक, कंप्युटरची आठवण यांना नुसते २० मिलिअँपिअर लागतात असं धर. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर झाला. ३५ची बॅटरी दोन महिन्यांत जवळपास रिकामी. मग दिवाळीला आले की शेजाऱ्याच्या गाडीवरून चालू करतात, टर्मिनल घाईत हातानंच फिरवून बसवतात. शिवाय उंदीर. बोनेटखाली कडब्याचं घरटं मी स्वतः काढलंय.

तू सांगितलंस की खड्ड्यात डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम लागतात, काटे खाली पडतात, आणि क्षणात सगळं ठीक. स्कॅनरवर पाच वेगवेगळ्या युनिटांचे कोड. पाच युनिटं एकाच वेळी बिघडत नाहीत रे. पाचांना मिळून जे लागतं, ते क्षणभर जातंय. एक तर पुरवठा, नाहीतर अर्थ, नाहीतर चावीचा स्विच. आणि मी गाडीच्या चावीबद्दल विचारलं तर म्हणालास, चांदीची भली मोठी कीचेन आणि घराच्या सात किल्ल्या. हसण्यावारी नेऊ नकोस. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सनं इग्निशन स्विचपायी २६ लाखांच्या आसपास गाड्या परत मागवल्या. स्विचची पकड कमजोर, जड जुडीच्या हिसक्यानं चावी मागं फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद, एअरबॅगही उघडत नसत. भरपाई देताना १२४ मृत्यू मान्य झाले. मधे कधीतरी स्विच बदलला गेला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता, त्यामुळं वर्षानुवर्षं कुणाला थांग लागेना. शेवटी एका खटल्यासाठी नेमलेल्या अभियंत्यानं जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा फरक दिसला. तुझ्याही गाडीतली जुडी आजच सोडव, नुसती चावी ठेव.

गिऱ्हाईकाला आज खरं सांग: ‘फॉल्ट अजून दिसला नाही, दिसल्याशिवाय पार्ट बदलणार नाही, शोधायच्या वेळेचे एवढे पैसे होतील.’ फॉल्ट नुसता लपला असताना ‘झाली गाडी’ म्हणून किल्ली हातात देऊ नकोस. त्या गाडीत लेकरंबाळं बसतात.

बुधवारी तुझी आई कराडला तुझ्याकडे येतेय. तिच्याजवळ पिशवी देतोय. त्यात दोन बल्ब आहेत, दोन्हींच्या लाल वायरीत फ्यूज टाकलाय. काळ्या वायरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीलाच लाव, वरच्या क्लॅम्पला नको. पांढऱ्या बल्बची लाल वायर फ्यूजबॉक्समध्ये मेन येते तिथं, हिरव्याची स्विचमधून निघते तिथं. दोन्ही डॅशबोर्डवर चिकटव. गाडी मालकाला चालवू दे, तू शेजारी बस, मलकापूरकडच्या खराब रस्त्यानं न्या. हिरवा एकटा विझला तर स्विच. दोन्ही विझले तर बॅटरीपासून फ्यूजबॉक्सपर्यंतची वाट. दोन्ही जळत राहिले आणि तरी काटे पडले, तर अर्थ.

कोणता विझला, तेवढं रात्री फोन करून सांग. मी जागा असेन.

तुझा,
मामा