चिठ्ठी उघडण्यापूर्वी

आमच्या बँकेत नैतिक प्रश्न पडण्याची सोय नाही. कुठलाही प्रश्न पडला की त्यावर एक परिपत्रक असतंच. नसलंच, तर 'वर कळवलं आहे' असं म्हणून प्रश्न वर पाठवता येतो आणि तो खाली येईपर्यंत आपली बदली झालेली असते. बी. कॉम. झाल्यापासून २५ वर्षं याच पुण्याईवर काढल्यामुळे न्याय म्हणजे काय, रस्ता कुणाचा, असले प्रश्न रिकामटेकड्या माणसांना पडतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटनं आणि एका सायकलनं मिळून मोडली. त्यात सायकलचं नुकसान जास्त झालं.

आमची बिल्डिंग पुण्यात, कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत आहे. १९७८ सालचं बांधकाम, तळमजला धरून तीन मजले, बारा घरं. लिफ्ट नाही. मोटारींना जागा नाही. मात्र मागच्या भिंतीलगत सायकली लावायला लोखंडी कांबींचा लांबलचक स्टँड आहे. पुणं म्हणजे सायकलींचं शहर असं म्हणायचे ते दिवस. नकाशा काढणाऱ्यानं हिशेब केला असणार की घरटी दोन सायकली, एखाददुसरी स्कूटर, झालं! मोटार डॉक्टरकडे असते, आणि डॉक्टर अशा बिल्डिंगमध्ये राहायला कशाला येईल? आज त्या स्टँडवर सतरंज्या वाळत घालतात आणि बारा घरांच्या नऊ मोटारी रस्त्यावर उभ्या असतात. नववी माझी.

तर अशा या बिल्डिंगला दोन वर्षांपूर्वी रीडेव्हलपमेंटचे डोहाळे लागले. मी बँकेत असल्यामुळे सोसायटीचा खजिनदार जन्मजातच. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, हे मी सभेत वाचून दाखवलं. बाराचे ५१ टक्के म्हणजे ६.१२ सभासद. हा ०.१२ सभासद कोण, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी चेअरमननी त्याला पूर्णांकात घेऊन सात केलं तेव्हा चहा आला.

पुढे चौरस फुटांचं महाभारत सुरू झालं. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाड्याचे पैसे, सामान हलवायचे पैसे. बिल्डरनं खिडकीच्या कट्ट्याचे चार फूट आत धरले की बाहेर, हे पाहायला आमच्या तळमजल्यावरच्या काकू स्वतःचा शिवणकामाचा टेप घेऊन आल्या. आयुष्यभर ज्यांनी भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी वाद घातला नाही, ते लोक चार फुटांसाठी वकील करायला निघाले. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आपला वाटा आपल्याला मिळावा, एवढंच तर माणूस मागतो.

खरी कसोटी होती कुठला फ्लॅट कुणाला याची. रस्त्याकडचा कुणाला, मागचा कुणाला, पश्चिमेच्या उन्हाचा कुणाला? तीन सभा भांडणात गेल्या. चौथ्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, ''आपण चिठ्ठ्या टाकू. पण चिठ्ठ्या टाकायच्या आधी नियम ठरवू.'' आणि काय सांगू, मंडळी! त्या क्षणी सभेत एकदम सज्जनपणा पसरला. पश्चिमेचा फ्लॅट ज्याला येईल त्याला जाळीचे पडदे सोसायटीनं द्यावेत, लिफ्टशेजारी ज्याला येईल त्याची भिंत जाड करून घ्यावी, गच्चीखालच्याला गळतीची हमी मिळावी, असे ठराव एकमतानं झाले. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर, ज्यांनी २० वर्षांत कुणाच्या गळतीची दखल घेतली नाही, तेच गच्चीखालच्या अनामिक सभासदासाठी हळवे झाले. कारण उघड होतं. तो अनामिक आपणच असू शकतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मला लहानपण आठवलं. आम्हा दोघा भावांत एक हापूस आला, की आई सुरी एकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, ''एकानं कापायचा, दुसऱ्यानं आधी उचलायचं.'' माझ्या धाकट्या भावानं कापलेला आंबा प्रयोगशाळेत तोलला असता तरी मासाभर फरक निघाला नसता. भाऊ काही संत नव्हता. कुठली फोड आपल्या वाट्याला येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

इथवर सगळं छान होतं. चिठ्ठ्यांची तारीख ठरली. आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी साडेआठला, मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली, दार उघडलं आणि धाडकन आवाज झाला.

समोरच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका. साठी ओलांडलेले, रात्रपाळी करून सकाळी सायकलनं वारज्याला घरी जाणारे. माझ्या दाराला आपटून सायकलसकट रस्त्यावर. मागून येणारा टेम्पो करकचून थांबला म्हणून, नाहीतर हा लेख या पुस्तकात आला नसता. तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, ते लिहायला आजही हात अडखळतो. मी म्हणालो, ''काका, दिसत नाही का?''

त्यांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते मला, कारण मी मागे पाहिलंच नव्हतं.

त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. ते कसेबसे उठले, विजारीची धूळ झटकली, माझ्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, ''साहेब, गाडीला काही लागलं का?''

वाचकहो, मला कॅशच्या खिडकीत अनेकांनी अनेक बोल सुनावले आहेत. त्या वाक्याइतकं काही लागलं नाही. चूक माझी, रक्त त्यांचं, आणि चौकशी माझ्या दाराची! बरं, खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी माझाही एक डोळा दारावरच्या पोचेकडे होता आणि मनात तीन हजारांचा आकडा उमटून गेला होता. २५ वर्षांची सवय, दुसरं काय. मग मात्र मी त्यांना दवाखान्यात नेलं, टाके घालून आणले, सायकलचं चाक सरळ करून दिलं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ते 'नको साहेब, नको साहेब' म्हणत राहिले म्हणून सांगतो. रस्त्यावर आपला काही वाटा आहे असं त्या माणसाला वाटतच नव्हतं.

आणि का वाटावं? चार चौरस फुटांसाठी आमच्याकडे इंडेक्स टू आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, वकील आहे, काकूंचा टेप आहे. रस्त्याचा उतारा कुणाच्या नावावर? ज्याचा कागद नाही त्याचा वाटा ज्याचं अंग मोठं तो घेतो. आमच्या नऊ मोटारींनी रात्रंदिवस गल्लीची एक कड व्यापलेली आहे, तिचं आम्ही कुणाला भाडं देत नाही. बिल्डरनं आमचे चार फूट खाल्ले तर ती लबाडी. आम्ही सायकलवाल्याचे सहा फूट खाल्ले तर ते पार्किंग.

बँकेत हे बोललो, तर शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, ''आम्ही रोड टॅक्स भरतो. सायकलवाला काय भरतो?'' क्षणभर निरुत्तर झालो, कारण एके काळी सायकललाही कर होता आणि पत्र्याचा बिल्ला होता, तो आता नाही. पण मोटारीचा कर राज्य सरकारकडे जातो, आणि आमच्या गल्लीचं डांबरीकरण करते महापालिका. तिच्या तिजोरीत जो मिळकतकर पडतो, तो काकांच्या वारज्याच्या खोलीच्या भाड्यातूनही पडतोच. शिवाय रस्ता खचतो तो टनावारी वजनाच्या मोटारीनं. काकांच्या सायकलीनं खड्डा पडायला काही युगं लागतील.

सायकलवाले सगळे संत असतात असं माझं म्हणणं नाही. उलट्या बाजूनं येतात, सिग्नल म्हणजे चौकातली रोषणाई समजतात, रात्री दिव्याशिवाय भुतासारखे प्रकटतात. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण कॉलेजात असताना मी हे सगळं केलेलं आहे. तेव्हा आम्ही पोरं सायकलवरून चौघं चौघं ओळीनं जायचो आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या मोटारवाल्याला 'रस्ता काय बापाचा आहे का?' असं विचारायचो. आज मीही हॉर्न वाजवताना तेच म्हणतो. वाक्य तेच आहे, मी फक्त काचेच्या आत आलो.

आणि माझ्यासारखे सगळेच आले. २०१७ मध्ये महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाईलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सायकलींसाठी केलेल्या पट्ट्यांवर मी पाणीपुरी खाल्लेली आहे. जिच्या दांडीवर आमची पिढी वाढली त्या ॲटलास सायकलच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं ३ जून २०२० रोजी, आणि तो दिवस होता जागतिक सायकल दिनाचा! एवढा अचूक मुहूर्त आमच्या भिकबाळीवाल्या गुरुजींनाही काढता आला नसता.

रात्री जेवताना हे सगळं मी घरी बोललो. आमची कन्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. (कॉमर्स घे म्हणून मी सांगितलं होतं. असो.) ती म्हणाली, ''बाबा, तुमच्या चिठ्ठ्यांवर एका माणसानं जाडजूड ग्रंथ लिहिलाय.'' जॉन रॉल्स नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ. १९७१ साली त्यानं असं मांडलं, की समाजाचे नियम न्याय्य हवे असतील तर ते अज्ञानाच्या पडद्याआड बसून ठरवावेत. आपण गरीब निघणार की श्रीमंत, धडधाकट की अपंग, हे ठाऊक नसताना जे नियम आपल्याला मान्य होतील, ते न्यायाचे.

''म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी जे सांगितलं तेच की!'' मी म्हणालो.

''हो, पण तुमच्या चिठ्ठ्या बाराच,'' ती म्हणाली. ''वॉचमनकाकांची चिठ्ठी तुमच्या डब्यात आहे कुठे?''

सौ.नी आमटी वाढली, पण माझं लक्ष उडालं होतं. समजा, रोज रात्री झोपताना रस्त्याच्याही चिठ्ठ्या टाकल्या. सकाळी उठून उघडायची. आज तुम्ही मोटारीत, उद्या सायकलवर, परवा काठी टेकत फुटपाथवरून. आणि रस्त्याचे नियम मात्र आदल्या रात्रीच करायचे. मग मी काय नियम केला असता? मोटारवाल्यानं दार उघडण्याआधी मागे वळून पाहिलंच पाहिजे, असा ठराव मीच मांडला असता आणि इंजिनियरांनी अनुमोदन दिलं असतं. नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर भरपाईचा भार कायद्यानं आधी मोटारवाल्यावर येतो, हे ऐकून मला पूर्वी हसू यायचं. आता वाटतं, त्या लोकांनी कायदा करताना चिठ्ठी उघडलेली नसावी.

पुढच्या सभेत पार्किंगचा विषय होता. नव्या बिल्डिंगमध्ये घरटी एक मोटार धरून फाटकाशी आणखी दोन मोटारींची जागा उरत होती. नऊ मोटारवाल्यांचं मत ठरलेलं होतं. खरं म्हणजे माझंही ठरलेलं होतं, कारण कन्येला पुढेमागे गाडी लागेलच. पण मी उठलो आणि म्हणालो, एक जागा सायकलींना ठेवू. मोटारीची जागा १६ फूट बाय ८, म्हणजे १२८ चौरस फूट. सायकलीला ६ फूट बाय २, म्हणजे १२. एका मोटारीत दहा सायकली. पेपरवाला, दूधवाला, कामाला येणाऱ्या बायका, आपला नवा वॉचमन, यांनी सायकली कुठे लावायच्या?

''ते काय सभासद आहेत?'' इंजिनियर म्हणाले.

''नाहीत,'' मी म्हणालो. ''गच्चीखालचा तरी कुठे कोण होता? तरी आपण त्याला गळतीची हमी दिलीच ना?''

सभेत थोडी शांतता झाली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ''माझी रखमा रोज चार मैल सायकल मारत येते. तिची सायकल बाहेर राहिली आणि चोरीला गेली, तर भांडी तुम्ही घासणार का?'' काकूंच्या या युक्तिवादापुढे रॉल्सचीही गरज उरली नाही. दोनपैकी एक जागा सायकलींना मिळाली. इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं, 'सायकलींची व्यवस्था (तूर्त).' या कंसातल्या 'तूर्त'ची मला अजून धास्ती आहे. बँकेत तूर्त म्हणून ठेवलेली फाईल मी निवृत्त होईपर्यंत हलणार नाही. सोसायटीत तूर्त दिलेली जागा रातोरात हलते.

नवी बिल्डिंग अजून कागदावरच आहे. तोवर मी एक शिकलो. गाडीचं दार उजव्या हातानं उघडायचं नाही, डाव्या हातानं उघडायचं. म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. सुरुवातीला खांदा धरला, सौ. म्हणाली, ''हे काय योगासन?'' आता सवय होते आहे.

रोज सकाळी साडेआठला काका जातात. मी हात करतो, तेही हात करतात. पण अजूनही माझ्या गाडीपासून चांगले चार हात लांबून जातात. त्यांचं बरोबर आहे. ठराव आमच्या सभेत मंजूर झालाय, त्यांना कुणी नोटीस पाठवलेली नाही.