तुम्ही, तुम आणि आप

लखनौहून सीतापूरच्या वाटेवर बख्शी का तालाब लागते. वायुदलाच्या तळामुळे येथे मराठी कुटुंबे येतात, आणि बदलीचा हुकूम आला की जातात. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीने शाळेच्या पहिल्याच आठवड्यात वर्गातील बाईंपुढे खुर्ची सरकवून म्हटले, "तुम बैठो." घरी शिकविलेले 'तुम्ही बसा' तिने मोठ्या अदबीने हिंदीत नेले होते. हिंदीत मात्र 'तुम' बरोबरीच्यांसाठी वा लहानांसाठी; गुरुजनांना 'आप'च हवे. पोरीला बाकावर उभे राहावे लागले.

अपराध कोणाचा? मन निर्मळ असताना शब्दाला दोष का द्यावा, असे म्हणणे सोपे आहे. आपण आईला 'तू' म्हणतो, पंढरीच्या विठोबालाही 'तू'च. पण परक्याला आपले मन दिसत नाही, शब्दच ऐकू येतो. म्हणून रीत शिकलीच पाहिजे, हे मला मान्य आहे. ती शिकवावी कशी, येथे माझे बाईंशी जमत नाही. लखनौच्या जुन्या घरांतून वडीलधारी माणसे लहानग्यांनाही 'आप' म्हणतात. मूल आदर आधी घेते, मग देते. आपण मुलांना 'अरे-तुरे' करून त्यांच्याकडून 'अहो-जाहो'ची अपेक्षा धरतो.

हे मी मुलीच्या आईला सांगितले. तिने त्याच संध्याकाळी लेकीला "आपण जेवायला यावे" अशी हाक मारली. मुलगी दारातच थबकली आणि विचारू लागली, "आई, तू रागावलीस का ग?"